वळणावर तू कुठे जातेस?

"माझे डोळे गेले," असं म्हणत तो दुकानात शिरला आणि समोरच्या खुर्चीत धपकन बसला.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर लोकांना 'हे स्पष्ट दिसतं की ते?' असं विचारत बसायचं. लोक डोळे चोळत येतात, कुरकुरत येतात, बायकोने ढकललं म्हणून येतात. पण डोळे गेल्याची बातमी इतक्या खुशीत देणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

"गेले म्हणजे कुठे गेले?"

"संध्याकाळी गाडी चालवताना समोरच्या गाड्यांचे दिवे फुटतात हो. एकाचे दहा होतात. चांदणं सांडल्यासारखं दिसतं. दिसतं छान, पण रस्ता दिसत नाही."

"गाडी म्हणजे?"

त्याने काखेतलं हेल्मेट टेबलावर ठेवलं. मोटरसायकल. मी उगाच थोडी मागे सरकले.

"हनुवटी इथे टेकवा. कपाळ पुढे. माझ्या कानाकडे बघा."

"कानाकडेच?"

"हो."

"डूल छान आहेत."

"हलू नका."

तो हलला नाही. पण हसला, आणि त्या यंत्राच्या भिंगातून माणसाचं हसू फार मोठं दिसतं... मला ते माहीत नव्हतं. अक्षरांच्या तक्त्यावरची शेवटची ओळ त्याने घडाघडा वाचली आणि वर तक्त्याच्या कोपऱ्यातला छापखान्याचा पत्ताही वाचून दाखवला.

"तुमचे डोळे कुठेही गेलेले नाहीत," मी म्हणाले. माझी नजर त्या हेल्मेटवर गेली. "ही काच कशाने पुसता?"

"शर्टाच्या बाहीने."

"कोरडीच?"

"कधी कधी थोडी थुं—"

"राहू द्या. कळलं."

मी हेल्मेटची काच दिव्यासमोर धरली. तिच्यावर बारीक ओरखड्यांचं जाळं पडलं होतं, कोळ्याने निवांत बसून विणावं तसं. दिवा त्या जाळ्यात अडकून दहा ठिकाणी फुटत होता.

"डोळे ठणठणीत आहेत. काच बदला. आणि पुढच्या वेळी साबणाचं पाणी, मऊ फडकं."

तो काचेकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. "म्हणजे आलो मी चष्मा करायला, आणि नंबर निघाला हेल्मेटला!"

असा आमचा परिचय झाला.

तो लिफ्ट दुरुस्त करणारा. इमारतींच्या, दवाखान्यांच्या, कारखान्यांच्या. "माझं सगळं वर-खालीच चालतं," असं सांगायचा. नवी काच बसवल्यावर रस्ता दिसला हे सांगायला तो मुद्दाम आला. मग घरमालकिणीला घेऊन आला, तिला खरंच मोतीबिंदू निघाला. मग बरोबरचे कामगार एकेक करून. मग एका इमारतीचा रखवालदार. आमचे मालक खूश. ओळखीत कोणाचेच डोळे तपासायचे उरले नाहीत, तेव्हा तो एकटाच आला.

"आज कोणाला आणलंत?"

"कोणी उरलंच नाही. मलाच यावं लागलं."

"तुमचे तपासून झालेत."

"पण तुम्हीच म्हणालात ना, वर्षातून एकदा दाखवत जा."

"अजून महिनाच झालाय."

"हो?" तो कॅलेंडरकडे बघत म्हणाला. "मला वर्ष झाल्यासारखं वाटलं बुवा."

मी फ्रेमा पुसायला घेतल्या. पुसलेल्याच होत्या. परत पुसल्या.

"घरी सोडू का?" त्याने विचारलं. "गाडी बाहेरच आहे."

"मी दुचाकीवर बसत नाही."

त्याने का म्हणून विचारलं नाही. नुसतं "बरं" म्हणाला. ते 'बरं' मला आवडलं.

का ते मी तुम्हाला सांगते. माझा दादा. डबल पाळी करून घरी येत होता. थकलेला होता, पण घर दोन वळणांवर आलं होतं. 'पोचतोच की आता' असं त्याला वाटलं, आणि गाडीवरच त्याचा डोळा लागला. वाचला. पायात सळई आहे, काठी आहे, "मी चालत नाही, ठेका धरतो" असं म्हणून स्वतःच हसतो. पण त्या दिवसापासून आमच्यातलं कोणी बाहेर असलं की आई खिडकीत उभी राहते. भाजी करपते, दूध उतू जातं, ती हलत नाही. माझा आईवर फार जीव. पण मला त्या खिडकीतली बाई व्हायचं नव्हतं. ज्या माणसाचा पाय सतत गाडीवर, त्याच्यात जीव गुंतवला की खिडकी आलीच.

म्हणून मी ठरवलं, गुंतायचं नाही.

आणि हा माणूस रोज संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या वेळेला यायचा, गाडी बंद करायचा आणि हाताने ढकलत माझ्याबरोबर बसस्टॉपपर्यंत चालायचा! एवढी जड मोटरसायकल. सपाटीला ठीक होतं. पण मध्ये एक चढ लागायचा. तिथे तो बोलता बोलता शब्द गिळायला लागायचा.

"मी काय... म्हणत होतो... त्या इमारतीची... लिफ्ट..."

"दम खा आधी."

येणारे-जाणारे थांबायचे. "बंद पडली का हो? धक्का देऊ?"

"नाही नाही," हा कपाळ पुसत म्हणायचा, "गाडी चालू आहे. ह्या बसत नाहीत."

मी लाजेने अर्धमेली व्हायची. आणि दुसऱ्या दिवशी चढ कधी येतो याची वाट बघायची.

शेवटी एकदा त्या चढावर माझंच मन विरघळलं. त्याच्या शर्टाची पाठ घामाने भिजली होती, आणि तरी तो मला एका म्हाताऱ्या जोडप्याची गोष्ट सांगत होता, जे लिफ्टमध्ये अडकले आणि बाहेर काढल्यावर म्हणाले, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एवढा वेळ बोललो.

"किती जोरात चालवता हो तुम्ही?" मी विचारलं.

तो थांबला. गाडीला स्टँड लावला. "मागे कोण बसलंय, त्यावर आहे."

"मी बसले तर?"

"तर तुमच्या जिवाला मानवेल तेवढीच." मग खिशातून त्याने चक्क शिंप्याची टेप काढली. "जरा डोकं इकडे करा."

"हे काय? तुम्ही टेप घेऊन फिरता?"

"गेला महिनाभर. आज ना उद्या विचाराल असं वाटत होतं."

भर रस्त्यात, दिव्याच्या खांबाखाली, त्याने माझ्या कपाळाभोवती टेप धरली. बोटं केसांना लागत होती... नव्हतीही. मी दिवसभर अनोळखी लोकांच्या डोळ्यांतल्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजते, नाकाला नाक लागेल इतक्या जवळून. मला कधी काही वाटलं नाही. त्या दिवशी मला कुठे बघावं तेच कळेना.

हेल्मेट आलं. घातलं तर गाल पुढे येऊन माझा मासा झाला.

"घट्ट होतंय."

"गाल चेपले म्हणजे बरोबर बसलं. आता डोकं जोरात हलवा. नाही म्हणतो तसं."

"ते मला चांगलं जमतं."

"माहीत आहे," तो म्हणाला. "चढाला विचारा."

सुट्टीच्या सकाळी निघालो. आधी त्याने टायर दाबून बघितले, मग हवा मोजली, साखळी बघितली, पुढचा दिवा, मागचा दिवा, दोन्ही ब्रेक. घरून जाड जॅकेट आणलं होतं माझ्या मापाचं, हातमोजे आणले होते, आणि माझ्या नाजूक सँडलकडे बघून "पायांत बूट हवेत" म्हणत मला कोपऱ्यावरूनच परत घरी पाठवलं होतं. मी कुरकुरले. "फिरायला चाललोय की लढाईला?"

"फिरायलाच. लढाईची वेळ येऊ नये म्हणून हे सगळं."

गाव मागे पडलं. आणि मग... काय सांगू. बसच्या खिडकीतून मी तोच रस्ता कितीदा बघितला होता. पण गाडीवर रस्ता अंगाला लागतो. झाडांखाली शिरलं की गार ओढणी अंगावरून जावी तसं वाटायचं, उघड्यावर आलं की ऊन खांद्यावर हात टाकायचं. कोणाच्या तरी भट्टीतल्या पावाचा वास एका वळणावर भेटला आणि पुढच्या वळणापर्यंत आमच्याबरोबर आला. तो पुढच्या गाडीपासून भलंमोठं अंतर ठेवून चालवत होता. कोणी मागून भोंगा वाजवला की बाजूला होऊन खुशाल पुढे जाऊ द्यायचा.

पण वळणं! गाडी वळणावर कलली की माझा जीव खाली पडायचा, आणि मी सगळं अंग दुसऱ्या बाजूला झोकून द्यायची. एका मोठ्या वळणावर गाडी जरा जास्तच कलली आणि मी किंचाळले,

"अरे, पडशील! अरे हळू ना, वेड्या!"

त्याने गाडी हळू केली, रस्त्याच्या कडेला सपाट जागा बघून थांबवली, हेल्मेट काढलं. मला वाटलं, रागावला. महिना-दोन महिन्यांचं अहो-जाहो मी एका वळणावर सांडून टाकलं होतं.

"वळणावर तू कुठे जातेस?" त्याने विचारलं.

तूही सांडलंस की, असं मला म्हणायचं होतं. म्हटलं नाही. "मी कुठे जातेय? मी तोल सांभाळते. गाडी इकडे पडायला लागली की मी तिकडे."

तो इतका हसला की त्याला गाडीला टेकावं लागलं. "म्हणून हँडल इतकं जड लागत होतं! अगं, मी कलतो तेव्हाच गाडी वळते. तू उलट्या बाजूला ओढतेस, मग मला आणखी कलावं लागतं. मग तू आणखी घाबरतेस."

"मग काय करू?"

"काहीच नाही. उजवीकडे वळलो की माझ्या उजव्या खांद्यावरून पुढे बघ, डावीकडे वळलो की डाव्या. अंग आपोआप येईल. आणि मला धर. हवेला काय धरतेस?"

"धरायची गरज आहे?"

"सुरक्षेसाठी," तो फार गंभीरपणे म्हणाला.

पुढच्या वळणावर मी त्याच्या खांद्यावरून बघितलं. रस्ता वळून झाडांमागे जाताना दिसला, आणि आम्ही दोघं मिळून तिकडे झुकलो. गाडीने काही तक्रार केली नाही. मीसुद्धा नाही. हेल्मेटच्या आत मी मोठ्याने हसत होते. त्याला ऐकू गेलं नसेल अशी माझी समजूत होती. नंतर म्हणाला, पाठीला कळत होतं.

परतताना पावसाची सर आली. त्याने लगेच एका बंद टपरीच्या छपराखाली गाडी घेतली.

"एवढ्याशा पावसाला काय घाबरायचं?" आता मीच शूर.

"जोराच्या पावसापेक्षा हाच वाईट. रस्त्यावरचं तेल वर येतं, धुऊन जात नाही. थोडं थांबू, मग जाऊ." आणि जरा वेळाने, "तुला घाई आहे?"

मला मुळीच घाई नव्हती. पत्र्यावर सर वाजत होती. आम्ही खांद्याला खांदा लावून उभे होतो, दोन हेल्मेटं पायापाशी शेजारी शेजारी. तिथे मी त्याला सांगितलं. दादा गाडीवरून पडला एवढंच. कसा पडला ते नाही. आईच्या खिडकीचं मात्र सगळं सांगितलं.

"मागे बसलेली असते तेव्हा मला भीती वाटत नाही रे," मी म्हणाले. "आजच कळलं ते. तू एकटा जातोस तेव्हा वाटते."

त्याने छपरावरून गळणाऱ्या धारेखाली हात धरला. "काही होणार नाही असं मी म्हणणार नाही. खोटं होईल ते. मी डोकं ठिकाणावर ठेवून चालवतो, एवढंच माझ्या हातात."

"तेवढ्यावर आई ऐकायची नाही."

"आणि तू?"

सर थांबली. मी हेल्मेट उचललं. उत्तर द्यायचं राहून गेलं... किंवा मी राहू दिलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी तो आमच्या घरी यायचा ठरला. मीच आईला सांगितलं, एक जण जेवायला येणार आहे. आईने आधी विचारलं, काय करतो. मग विचारलं, कशाने येणार. मी "गाडीने" म्हटलं. आई चमचे मोजायला लागली.

आदल्या रात्री त्याला दूरच्या गावच्या दवाखान्यात बोलावणं आलं, तिथली मोठी लिफ्ट बंद पडली होती. सकाळपर्यंत झोप नाही, नंतरही काम. दुपारी त्याचा फोन आला, निघतोय. मी म्हणाले, राहू दे, उद्या ये. "तुझी आई वाट बघेल. पहिल्याच दिवशी शब्द मोडू का?" मग नेहमीचं वाक्य: "फोन उचलला नाही तर समज, गाडीवर आहे."

उन्हं उतरली. जेवण झाकून ठेवलं. तो आला नाही. मी फोन केला, उचलला नाही. गाडीवर आहे. पुन्हा केला. अजून गाडीवरच? एवढा वेळ?

आई खिडकीशी गेली. मी जाणार नव्हते. मी टेबलावरच्या ताटल्या सरळ केल्या, वाकड्या केल्या, सरळ केल्या. मग बघते तर मी आईच्या शेजारी उभी होते.

दादा आधी चिडवत होता. "जावईबापू लिफ्टमध्ये अडकले वाटतं." मग त्याने सहज विचारलं, "रात्री झोपला होता ना?"

"नाही."

दादाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्याने काठी या हातातून त्या हातात घेतली आणि खाली ठेवली. त्या घरात आम्हा तिघांना एकच गोष्ट दिसत होती.

"कोणीतरी येतंय," आई म्हणाली. "हातात हेल्मेट आहे." मग तिने खिडकीचा गज धरला. "गाडी नाहीये गं."

मी जिन्यावरून कशी उतरले ते आठवत नाही. पायात काही नव्हतं. तो कोपऱ्यावरून चालत येत होता, जॅकेटमध्ये, एका बाजूचे केस चप्प बसलेले, गालावर लांब लाल वळ.

"पडलास? कुठे लागलं? हात बघू! हा वळ कसला? गाडी कुठंय?" मी त्याचे खांदे, कोपरं, मनगटं चाचपत होते, भर रस्त्यात.

"अगं, अगं! गाडी पंपावर आहे. मी पडलो नाही."

"मग हे काय आहे गालावर?"

"बसची खिडकी," तो ओशाळून म्हणाला. "झोप येत होती गं. वाटेत थांबलो, तोंड धुतलं, चहा घेतला. तरी फाट्याजवळ एकदा डोळे मिटले. उघडले तर रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ चाकाखाली होती. समोर पंप दिसला. त्या माणसाला सांगितलं, आजची रात्र गाडी सांभाळ, आणि बस धरली."

"फोन?"

"जॅकेटमध्ये होता, आवाज बंद. मी बसमध्ये बसलो आणि... मेल्यासारखा झोपलो. कंडक्टरने दोनदा हाक मारली म्हणे. मी 'हो हो, उतरतो' म्हणालो आणि परत झोपलो. शेवटच्या स्टॉपवर उठवलं त्याने. तिथून उलटा चालत आलोय."

मी त्याच्या छातीवर दोन्ही मुठी आपटल्या. मग तिथेच कपाळ टेकवलं. जॅकेटला बसचा वास येत होता, डिझेलचा आणि जुन्या गादीचा. त्या वासासारखा सुंदर वास मी आयुष्यात घेतला नव्हता.

"मार खाशील तू एक दिवस," मी रडत हसत म्हणाले.

"आज नको. आज फार भूक लागलीय."

वर आई दारात उभी होती. नव्या माणसाला अहो म्हणायचं तिने सकाळीच ठरवून ठेवलं होतं.

"बसने आलास?" तिने विचारलं.

"हो काकू. फार उशीर झाला, चुकलंच. पहिल्यांदाच येतोय, आणि त्यात हे असं..."

"एवढी गाडी वाटेत सोडून यायचं... काही वाटलं नाही?"

"वाटलं ना. जिवावर आलं होतं."

आईने त्याच्या हातातलं हेल्मेट घेतलं. आतून दादाचा आवाज आला. "कुठल्या पंपावर लावलीस?"

"फाट्यावरच्या."

"म्हणजे घर जवळच आलं होतं की."

"हो ना. म्हणून तर मोह होत होता. वाटत होतं, आता पोचतोच."

दादाने काठी उचलली. तो सावकाश दारापर्यंत आला आणि त्याने पाहुण्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मलापण असंच वाटलं होतं," तो म्हणाला. "पण मी थांबलो नाही."

पाहुण्याने चमकून माझ्याकडे बघितलं. तेव्हा त्याला कळलं. मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं, आणि तरी तो थांबला होता.

आई एकदम वळली आणि स्वयंपाकघरात गेली. "हात धुवा सगळ्यांनी," पाठमोरीच म्हणाली. "सगळं गारढोण झालंय, परत गरम करते."

"काकू चिडल्यात का?" त्याने हळूच विचारलं.

"चिडली असती," दादा म्हणाला, "तर गारच वाढलं असतं."

त्या रात्री तो दादाच्या खोलीत झोपला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आणायला आम्ही दोघं बसने निघालो. आईने कशी येणार, कधी येणार, काहीच विचारलं नाही, फक्त "हिचं जॅकेट घेतलंस ना?" असं त्याला विचारलं.

बस रिकामी होती. आम्ही खिडकीपाशी बसलो, दोघांच्या मांडीवर दोन हेल्मेटं. तो आता चांगला जागा होता आणि म्हणूनच बहुधा इतका गप्प होता.

"काय झालं?"

"काल एक गंमत झाली," तो हेल्मेटच्या पट्ट्याशी खेळत म्हणाला. "म्हणजे... सांगू का नको, असं झालंय. कंडक्टर आला, म्हणाला, कुठलं तिकीट देऊ? मी अर्धा झोपेत. तोंडातून निघून गेलं, घरी."

"मग?"

"तो म्हणाला, अहो घर सगळ्यांनाच असतं, स्टॉप सांगा."

मला हसू आलं. पण तो हसत नव्हता. कानापर्यंत लाल झाला होता.

"मग कुठला स्टॉप सांगितलास?"

"तुमचा," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता. "विचार न करता. नंतर मला वाटलं... म्हणजे, तू अजून काही म्हणाली नाहीस, तुझी आई, आणि मी आपला परस्परच..."

बस वळणावर वळली. आम्ही दोघंही एकाच बाजूला झुकलो. मी त्याचा हात हातात घेतला.

"बरोबर सांगितलास," मी म्हणाले.